नऊ संदेश निवडले

मंगळवार, ४ तारीख

भिंगरी,

मेलवर लिहीत नाही. काल लिहिलं होतं, दोन मिनिटांत परत आलं, असा कुणी पत्ताच नाही म्हणून. मग तुझं शेवटचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, तो पत्ता तुझ्या ऑफिसचा होता आणि नोकरी सोडलीस तसा एक तारखेला बंद झाला. फोन नंबर तू दिलाच नाहीस. लिहिलंयस, "आजी, फोनवर तू ओरडतेस आणि आपटतेस. लिहून दे, मला डॉक्टरांना दाखवायचंय." बरं. खाली घराचा पत्ता होता म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. नाक मुरड, पण वाच.

आधी हे ऐक, की दीड वर्ष मी तुला उत्तर दिलं नाही त्यात माझा दोष नाही.

लॉन्ड्रीचा मेल तूच उघडून दिला होतास. उद्या चाळीस चादरी, साठ टॉवेल, असं गेस्टहाउसवाले त्यावर कळवतात. तू गेलीस आणि पेटीकडे बघणारं कुणी उरलं नाही. गेल्या आठवड्यात ती भरून वाहिली. गेस्टहाउसचा मॅनेजर नव्वद मळक्या चादरी घेऊन दारात उभा. म्हणाला, "आजी, तुम्हाला पाठवलेलं सगळं परत येतंय. दुकान बंद केलंत की काय?" मी म्हटलं, "दुकान बंद झालं की मी स्वतः येऊन सांगेन, तुझ्या चादरींचे डाग मला तेव्हाही ओळखू येतील."

म्हणून शनिवारी इस्त्रीवालीला शेजारी बसवून साफसफाईला लागले. एकेक मेल उघडून फेकायचा तर मी आधी फेकली जाईन. तू शिकवलेलं आठवलं. पहिल्या चौकोनात खूण, शिफ्टचं बटण दाबून धर, खाली जाऊन शेवटच्या चौकोनात खूण, मधले सगळे आपोआप निवडले जातात. आणि अगदी वरचा चौकोन दाबला की पानभर खुणा पडतात. मग यंत्र विचारतं, या पानावरचे पन्नास निवडले, सगळे सहा हजार दोनशे चौदा निवडायचे का?

इस्त्रीवाली म्हणाली, "करा ना आजी, एकदाच निकाल लागेल."

"तुझं काय जातंय करायला? त्यात येत्या आठवड्याच्या चादरी आहेत."

पन्नास पन्नास करत, हवे त्यांची खूण काढत, बाकीचे उडवत दुपार गेली. मग स्पॅम नावाचा कप्पा उघडला. तिथे शंभरावर पडले होते. इथे काय बघायचंय म्हणून वरचा चौकोन दाबला. 'कायमचे हटवा' वर बोट नेलं आणि तीन ओळींवर तुझं नाव दिसलं. आडनावही बापाचं लावलंयस आता. शोभतं की नाही ते सांगत नाही.

'आजी, एक प्रश्न.' 'आजी, प्रश्न तोच.' 'शेवटचं विचारते.'

त्या तिन्हींची खूण काढली आणि मग बाकीचे उडवले. इस्त्रीवाली म्हणाली, त्या कप्प्यात महिनाभरच राहतं, पुढे यंत्र स्वतःच फेकून देतं. म्हणजे आधीची तुझी किती आली नि किती गेली कुणास ठाऊक. कधीतरी जाहिराती निवडताना मी शिफ्ट दाबून धरलं असेल, तुझी मधे सापडली असतील आणि 'स्पॅम' दाबलं गेलं असेल. एकदा दाबलं की त्या माणसाचं पुढचंही सगळं तिकडेच जातं म्हणे. झालं ते असं झालं.

आता तुझा प्रश्न. पित्ताशयात खडे, अठराला ऑपरेशन, डॉक्टर विचारतात तुझी आई कशानं गेली, घरात कुणाला भूल देताना त्रास झाला होता का. तू लिहितेस, "बाबा म्हणतात ऑपरेशनमध्ये काहीतरी झालं. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तू लहानपणापासून ताप सांगतेस. नक्की काय?"

बाप काय म्हणतो ते सोड. तो तिथे नव्हता, तुझ्याच तोंडचं आहे हे. मी होते. तुझी आई तापानं गेली. अंग तव्यासारखं तापलं आणि गेली. तू चार वर्षांची होतीस, बाहेर सायकलच्या घंटीशी खेळत होतीस. फॉर्मवर ताप लिही.

खड्यांचं ऑपरेशन म्हणजे काही मोठं नव्हे. समोरच्या दवाखान्यात आठवड्याला चार होतात. मग गाऊन मलाच धुवावे लागतात.

आजी

शुक्रवार, ७ तारीख

भिंगरी,

मागच्या पत्रावरून फॉर्मवर ताप लिहू नकोस. लिहिला असशील तर खोड. हे आधी कर, मग पुढचं वाच.

काल समोरच्या दवाखान्यातली नर्स डॉक्टरांचे कोट घेऊन आली. ती नेहमी कॉलरच्या खळीवरून भांडते. मी सहज विचारल्यासारखं केलं. "काय गं, पोट फाडायचं रोग्याचं, आणि त्याच्या मेलेल्या आईची चौकशी कशाला करता?"

ती म्हणाली, "भूल देताना त्रास झाला असेल तर कळावं म्हणून. काही काही घरांत असतं ते. भुलीचं औषध आत गेलं की अंग ताठ होतं, ताप भराभर चढतो. आधी माहीत असेल तर दुसरी औषधं वापरतात, काही होत नाही. माहीत नसेल तर पळापळ. आईला असेल तर लेकीला असायची निम्मी शक्यता."

"निम्मी म्हणजे?"

"म्हणजे असेल किंवा नसेल, आजी. पण कुणाचं विचारताय?"

"कुणाचं नाही. कोट परवा ने."

"उद्या म्हणाला होतात."

"मग उद्या ने. पण आत्ता जा."

ती गेल्यावर मी तोच कोट तीनदा खळीत बुडवला. वाळला तेव्हा फळीसारखा उभा राहिला. इस्त्रीवाली हसली आणि माझं तोंड बघून इस्त्रीकडे वळली.

तर ऐक. ताप होता, ते खोटं नव्हतं. पण तो ताप घरी आला नाही. तुझ्या आईचं पोट दुखत होतं, अपेंडिक्स म्हणाले, टेबलावर घेतलं, भूल दिली आणि मग ताप चढला. तासाभरात संपलं. ती सत्तावीस वर्षांची होती. एवढंच मला आठवतं. औषधाचं नाव वगैरे कुणी मला सांगितलं नाही. बाई चौथी शिकलेली, तिला कोण सांगणार.

तुझ्या डॉक्टरांना हे पत्र दाखव. त्यांना माझं अक्षर पुरेसं वाटलं नाही तर त्या वेळचा कागद मी काढते. ते हॉस्पिटल अजून आहे. उद्या दुकान इस्त्रीवालीवर टाकून जाते.

तुझा बाप बरोबर बोलला होता. हे लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

आजी

बुधवार, १२ तारीख

भिंगरी,

या पाकिटात तीन कागद आहेत. ते आधी डॉक्टरांकडे दे. पत्र मागाहून वाच, सावकाश वाच, कारण मला ते सावकाशच लिहावं लागलं आहे.

शनिवारी त्या हॉस्पिटलात गेले. तळघरात रेकॉर्डची खोली आहे. तिथला कारकून इतका लहानसा, की त्याला फायलींमागून शोधावं लागतं. म्हणाला, "तोंडी अर्ज घेत नाही, आजी. मेल करा. तारीख, नाव, नातं आणि तुमच्या ओळखपत्राचा फोटो."

"मी समोर उभी आहे. फोटो कशाला?"

"समोरचं माणूस फायलीला लावता येत नाही."

घरी येऊन मेल केला. इस्त्रीवालीनं फोटो काढला, त्यात मी गुन्हेगार दिसते. रविवार, सोमवार काही नाही. दर तासाला पेटी उघडून बसायची. इस्त्री करता करता ती म्हणाली, "आजी, बघून बघून मेल लवकर येत नाही." मी म्हटलं, "तुझ्याशी बोलूनही येत नाही."

काल सकाळी आलं. तीन मेल, एकेका पानाचा एक, तिन्हींचं नाव सारखं. वाचले. बोट ओळीखाली धरून वाचले. पहिल्या पानावर ऑपरेशनची वेळ, औषधांची नावं, ताप किती, किती मिनिटांनी. दुसऱ्यावर काय झालं ते लांबलचक, शेवटी डॉक्टरांचं निदान. तुझ्या डॉक्टरला हवं ते सगळं या दोन पानांत आहे. तिसऱ्यावर फक्त चार ओळी. "रुग्णाच्या आईला समजावून सांगितले. हा प्रकार रक्ताच्या नात्यांत उतरू शकतो. रुग्णाच्या मुलीला पुढे कधीही भूल द्यायची झाल्यास ही माहिती आधी द्यावी. लेखी सूचना दिली." खाली सही. लहान मुलानं काढल्यासारखी, शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलेली. ती माझी सही आहे, भिंगरी.

कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घ्यायचं होतं. मी दोन मेलच्या चौकोनांत खुणा केल्या. तिसऱ्यापाशी हात थांबला. दोनच पाठवले असते तरी तुझा जीव वाचला असता आणि मीही वाचले असते. दुकानात पाच मिनिटं अशी उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "आजी, होतंय का? मला शाळेचा फॉर्म काढायचाय." मग तिसऱ्यातही खूण केली.

तर मागच्या पत्रात लिहिलं की कुणी काही सांगितलं नाही, ते खोटं आहे. डॉक्टर माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. दोनदा सांगितलं त्यानं. कागद घडी करून माझ्या हातात दिला. मी तो स्वेटरच्या खिशात ठेवला. घरी येऊन स्वेटर टबात टाकला. लोकांच्या कपड्यांचे खिसे मी दोनदा तपासते, तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचं तिकीट भिजू दिलेलं नाही. त्या दिवशी खिशात हात घातला नाही. कागद आत आहे हे मला ठाऊक होतं.

का, ते लिहिते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुझ्या बापाचा फोन आला होता. तो कामावर दूर होता. म्हणाला, "मी निघालोय. मी येईपर्यंत थांबा, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ." तिला दुखत होतं, ती ओरडत होती आणि मला तो माणूस कधी आवडला नव्हता. मी म्हटलं, याची वाट कोण बघणार, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली. डॉक्टर नंतर म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलातही हेच होऊ शकलं असतं, कुणाला कळायला मार्ग नव्हता. पण तो कागद घरात राहिला असता तर रोज मला वाचून दाखवला असता कुणीतरी. मोठी झाल्यावर तूच.

बाप संध्याकाळी पोचला. दारात म्हणाला, "तुम्ही मारलंत तिला." मी म्हटलं, "चालता हो, आणि पोरीला तोंड दाखवू नकोस." तो पळून गेला असं तुला सांगत आले. तो पळाला नाही. मी काढला. त्यानंतर चारदा आला, तुझ्यासाठी. चौथ्यांदा रंगाची पेटी घेऊन आला होता. ती मी परत दिली. तुला वाटायचं तुझ्याकडे रंग नाहीत कारण आजी कंजूस आहे.

आणि मेलचं. शिफ्ट दाबलं असेल, तू मधे सापडली असशील, असं लिहिलं ते मनानंच रचलं होतं. तू बापाला शोधून त्याच्याकडे राहायला गेलीस. मग तुझी पत्रं यायला लागली. पहिल्यात तू लिहिलंस, बाबा चांगले आहेत, मला भात आईसारखाच जमतो म्हणतात. दुसऱ्यात, बाबा आईबद्दल बोलतात आणि रडतात. मी वाचत होते सगळी. एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, मी तुझी तेवढी पत्रं शोधून एकाखाली एक आणली. नऊ होती. वरचा चौकोन दाबला असता तर एका झटक्यात झालं असतं. मी तसं केलं नाही. एकेक खूण केली. पहिली, दुसरी, तिसरी. यंत्रानं वर लिहिलं, नऊ संदेश निवडले. मी 'स्पॅम' दाबलं. त्यानं विचारलं, पूर्ववत करायचं का? काही क्षण ती ओळ तिथे असते. मी ती जाईपर्यंत बघत बसले.

मला इतकंच हवं होतं की तुझं बोलणं ऐकू येऊ नये. पुढे तू असं काही विचारशील, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर केलं नसतं, असं लिहून मोकळी होते. पण खिशातल्या कागदाचं मला माहीत होतं, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव.

हे पत्र जलद टपालानं टाकते आहे. खिडकीतला माणूस म्हणाला दोन दिवसांत पोचेल. मिळालं की दुकानाच्या फोनवर नुसती रिंग दे. बोलू नकोस. रिंग दे आणि ठेव.

आजी

सोमवार, १७ तारीख, हॉस्पिटलच्या बाकावर

भिंगरी,

रिंग आली नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार फोन मांडीवर घेऊन बसले होते. काल इस्त्रीवाली म्हणाली, "पोरगी रागावली असेल." मी म्हटलं, रागावली असेल तर ठीक आहे, वाचलं नसेल तर काय? तिनं इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "मग इथे काय करताय, आजी?" नोकरीवर ठेवलेल्या बाईनं मालकिणीला असं विचारावं. आज पहाटेची बस धरली, सहा तास. कागदांच्या दुसऱ्या प्रती बरोबर आणल्या.

तुझ्या घराला कुलूप. दाराच्या फटीतून आत पाकिटं दिसत होती. माझंच अक्षर मला दिसलं, दोन पाकिटं, जमिनीवर. शेजारीण म्हणाली, "परवाच्या नव्हे, त्याआधीच्या शनिवारपासूनच दोघं तिच्या आत्याकडे आहेत, हॉस्पिटलच्या जवळ. तिला दुखायचं ना सारखं." तो शनिवार म्हणजे आठ तारीख. म्हणजे माझी खरी पत्रं दाराआड आणि खोटं तेवढं तुझ्या हातात.

रिक्षा करून इथे आले. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, उद्याच्या ऑपरेशनच्या पेशंटला भेटायचंय, मी आजी. तिनं वहीत पाहिलं. "पेशंटनं भेटायला फक्त वडलांचं नाव दिलंय."

"मला भेटायचं नाही. डॉक्टरांना हे कागद द्यायचेत."

"उद्या राउंडला सकाळी..."

"उद्या सकाळी तू हे कागद कुणाला देणार आहेस, बाई? तिच्या आईला अशीच भूल दिली होती आणि ती टेबलावरून उतरली नाही. तिच्या फॉर्मवर ताप लिहिलाय, तो मी लिहायला सांगितला. खोटं सांगितलं. आता उठ, नाहीतर मी आत जाते आणि मग तुम्हाला मला उचलावं लागेल. मी जड आहे."

ती उठली.

मग तुझा बाप आला. सतरा वर्षांनी पाहिला. केस गेले आहेत. हातात थर्मास होता. मला बघून थांबला. मला वाटलं, आता म्हणेल चालत्या व्हा. त्याचा हक्क होता. मी तिसरा कागद पुढे केला. त्यानं उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. माझ्या सहीवर अंगठा ठेवला. म्हणाला, "मला वाटायचं तुम्हालाही काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या डॉक्टरला शिव्या घालत होतो."

मी म्हटलं, "आता मला घाल."

त्यानं घातल्या नाहीत. थर्मास बाकावर ठेवून कागद घेऊन आत पळाला. पळताना अजून उजवा पाय ओढतो.

अर्ध्या तासानं भूल देणारी डॉक्टर बाहेर आली. माझ्याहून तिप्पट वेगानं बोलते. विचारलं, तुमचं कधी ऑपरेशन झालंय का, तुमच्या भावाबहिणींचं, तुमच्या आईचं. मी सगळं सांगितलं, कोण कशानं गेलं, कुणाला कधी टेबलावर घेतलं. खरं सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. तिनं लिहून घेतलं आणि म्हणाली, "औषधं बदलतो, मशीन आजच धुऊन घेतो, ताप चढलाच तर उतरवणारं इंजेक्शन मागवून ठेवतो. उद्याच करू, पण दुपारी." जाता जाता म्हणाली, "फॉर्मवर ताप वाचून मी तो प्रश्न सोडून दिला होता."

तुझा बाप आता घरी गेला आहे, कुलपामागची पाकिटं आणायला. म्हणजे आज तू सगळं वाचशील. वाच. मी आत येत नाही. तुझ्या वहीत माझं नाव नाही, ते मी पाहिलं आहे.

आजी

मंगळवार, १८ तारीख, दुपार

भिंगरी,

हे तुझ्या बापाकडे देऊन जाते. जाग आल्यावर तो वाचून दाखवेल, त्याला माझं अक्षर आता सरावाचं झालंय.

तुला दीड वाजता नेलं. ढकलगाडी समोरून गेली तेव्हा तू डोळे मिटले होतेस. झोप लागली नव्हती तुला, पापण्या थरथरत होत्या. बाप गाडीबरोबर चालत गेला, दारापर्यंत.

नंतर आम्ही दोघं बाकावर बसलो. तो या टोकाला, मी त्या. त्यानं चहा दिला, मी घेतला. दोन वाजून दहाला तो म्हणाला, "तिच्या आईच्या वेळी किती वेळ झाला होता?" मी म्हटलं, "वीस मिनिटांत ताप चढायला लागला होता." मग आम्ही घड्याळाकडे बघितलं आणि दोघांनाही कळलं की चाळीस झाली आहेत. तो रडायला लागला. मी त्याला रुमाल दिला. धुतलेला होता.

पावणेतीनला ती डॉक्टर आली, टोपी काढत. "ताप नाही, काही नाही. खडे अकरा निघाले." तुझ्या बापानं तिचे हात धरले. मी विचारलं, "आणि पुढे कधी लागलं तर?" ती म्हणाली, तुला तपासणी सांगते आणि लेखी देते, तुझ्याच हातात देते. बरं केलं.

साडेतीनला नर्स बाहेर आली. "शुद्धीवर आली. बोलली." मी म्हटलं, "काय बोलली?" ती बापाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मला सांग, मी ऐकू शकते."

म्हणाली, "ती विचारतेय, आजी अजून बाहेर बसली आहे का. असेल तर तिला घरी जायला सांगा."

तुझा बाप म्हणाला, "भुलीत आहे, मनावर घेऊ नका. थांबा, मी तिच्याशी बोलतो." त्याला मी खाली बसवलं. तू भुलीत नाहीस. भुलीतलं माणूस इतकं नीट बोलत नाही. तू सगळी पत्रं वाचलीस आणि हे म्हणालीस.

मी त्याला सांगितलं, तिला माझ्यासाठी काही सांगू नकोस. समजूत घालू नकोस. तुझी बाजू मी कधी कुणाला ऐकू दिली नाही, तू माझी मांडू नकोस.

सव्वाचारची बस आहे. जाते. आजवर मला कुणी जा म्हटलं तर मी बसून राहिले आणि थांबा म्हटलं तर सही करून मोकळी झाले. आज तू सांगितलंस तसं करते.

आजी